संकलनाची समीक्षा : ‘एकोज’ आणि ‘गीतरामायणा’ची निवडक गीते

घटक ६

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील.

• संग्रह, समग्र, निवडक आणि वेचे या संज्ञांमधील फरक स्पष्ट करता येईल.
• कलावंताच्या उत्तरकाळात सिद्ध झालेल्या संकलनाची समीक्षा मूळ कृतीच्या समीक्षेहून वेगळी का असते, हे सांगता येईल.
• मूळ क्रमातून सुटे केलेल्या गीताच्या अर्थात कोणते बदल होतात, हे वक्ता, श्रोता आणि प्रसंग या तीन घटकांच्या आधारे दाखवता येईल.
• एखाद्या गीतसंकलनाचे परीक्षण स्वतंत्रपणे लिहिता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण कविता, कथा आणि नाटक या साहित्यप्रकारांच्या समीक्षेचा विचार केला. त्या सर्व ठिकाणी समीक्षेचा विषय एक पूर्ण कृती होती. प्रत्यक्ष वाचनव्यवहारात आणि श्रवणव्यवहारात मात्र पूर्ण कृती आपल्या वाट्याला क्वचितच येते. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. आपल्यापैकी बहुतेकांना त्यांतले चाळीस-पन्नास ठाऊक असतात. शालेय पाठ्यपुस्तकात कादंबरीचे एक प्रकरण असते, महाकाव्याचा एक प्रसंग असतो. आकाशवाणीवर, कॅसेटवर किंवा आज भ्रमणध्वनीवर आपण जी गाणी ऐकतो, तीही कुणीतरी कुठून तरी निवडून दिलेली असतात. म्हणजे साहित्याशी आणि संगीताशी होणारा आपला परिचय बहुतांशी संकलनामार्फत होतो. असे असूनही समीक्षा संकलनाकडे दुय्यम नजरेने पाहते. ‘यात नवे काय?’ असा प्रश्न विचारून ती पुढे जाते.

हा प्रश्न अपुरा आहे, हे या घटकात आपण दोन उदाहरणांच्या आधारे पाहू. पहिले उदाहरण पिंक फ्लॉइड या इंग्रजी रॉक बँडच्या ‘एकोज’ (२००१) या संकलनाचे आहे. दुसरे पुण्यातले, आपल्या परिचयाचे आहे. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये क्रमाने प्रसारित झाले आणि पुढे मुख्यतः निवडक गीतांच्या रूपाने लोकांच्या ओठी राहिले.

६.३ संज्ञाविचार : निवडणे आणि वेचणे

‘संग्रह’ म्हणजे कलावंताने एका काळात केलेल्या रचनांचे एकत्रीकरण. ‘समग्र’ या शब्दात काहीही न वगळण्याचे आश्वासन असते. ‘निवडक’ आणि ‘वेचे’ या दोन शब्दांत मात्र वगळण्याची क्रिया गृहीत आहे आणि ती दोन वेगळ्या प्रकारांची आहे.

आपण तांदूळ निवडतो तेव्हा खडे बाजूला काढतो. हातात राहतो तो जवळजवळ सगळा तांदूळच असतो. फुले वेचतो तेव्हा अंगणभर पडलेल्या सड्यातील ओंजळभर उचलतो. बाकीची तिथेच राहतात आणि ती टाकाऊ असतात असेही नाही. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी १८५४ मध्ये ‘नवनीत’ सिद्ध केले. प्राचीन मराठी कवितेचे ते आरंभीचे मुद्रित संकलन होय. त्याच्या शीर्षकात ‘वेचे’ हा शब्द आहे. त्या शब्दाने संपादकाच्या भूमिकेची मर्यादा आपोआप सांगितली जाते : हे सर्व नव्हे, हे उचललेले आहे.

इंग्रजीतील ‘ग्रेटेस्ट हिट्स’ या संज्ञेत ही मर्यादा नाही. तिचा रोख श्रेष्ठत्वावर आणि खपावर आहे. अशा नावाची प्रथा अमेरिकेत १९५८ च्या सुमारास जॉनी मॅथिस या गायकाच्या संकलनापासून रूढ झाली, असे मानले जाते. ईगल्स या बँडच्या १९७६ मधील संकलनाचा खप त्यांच्या बहुतेक मूळ अल्बमांहून कितीतरी अधिक झाला. म्हणजे पुष्कळ श्रोत्यांच्या दृष्टीने संकलन हीच मूळ कृती ठरली. समीक्षेची अडचण येथे सुरू होते. ज्या कृतीला ती ‘दुय्यम’ म्हणते, ती लोकांच्या स्मरणात प्रथम असते.

उत्तरकालीन संकलनाचा आणखी एक विशेष लक्षात घ्यावा. कलावंताच्या उमेदीच्या काळात निघालेले संकलन पुढच्या निर्मितीसाठी जागा मोकळी ठेवते. कारकीर्द संपत आली असता किंवा संपल्यावर निघालेले संकलन मात्र तिचा निष्कर्ष काढते. ते ‘हा कलावंत असा होता’ असे विधान करते. म्हणून त्याची समीक्षा अधिक काटेकोर असावी लागते.

आपली प्रगती तपासा – १
(अ) ‘निवडणे’ आणि ‘वेचणे’ या क्रियांतील वगळण्याचे स्वरूप कसे वेगळे आहे?
(आ) उमेदीच्या काळातील आणि उत्तरकाळातील संकलनांत कोणता मूलभूत फरक आहे?

६.४ पहिले उदाहरण : पिंक फ्लॉइडचे ‘एकोज’

६.४.१ पार्श्वभूमी

पिंक फ्लॉइड हा बँड १९६५ मध्ये लंडनमध्ये उभा राहिला. सिड बॅरेट, रॉजर वॉटर्स, रिचर्ड राइट आणि निक मेसन हे आरंभीचे सदस्य. १९६७ च्या पहिल्या अल्बमवर गीतकार आणि गायक म्हणून बॅरेट यांची छाप होती. मानसिक अस्वास्थ्यामुळे १९६८ मध्ये ते बाहेर पडले आणि डेव्हिड गिल्मर यांनी त्यांची जागा घेतली. पुढे वॉटर्स हे प्रमुख गीतकार झाले आणि १९८५ मध्ये तेही वेगळे झाले. ‘द डिव्हिजन बेल’ हा अल्बम १९९४ मध्ये आला. त्यानंतर सात वर्षांनी, नोव्हेंबर २००१ मध्ये, ‘एकोज’ हे २६ गीतांचे दोन तबकड्यांचे संकलन प्रसिद्ध झाले.

या बँडचे वैशिष्ट्य असे की त्यांचे प्रमुख अल्बम म्हणजे सुट्या गाण्यांची मोळी नव्हती. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) या अल्बममध्ये गीते एकमेकांत मिसळत जातात. आरंभी हृदयाच्या ठोक्यांचा ध्वनी आहे आणि शेवटीही तोच ध्वनी येतो. काळ, पैसा, मृत्यू, वेड यांविषयीची गीते त्या दोन ठोक्यांच्या मध्ये गुंफली आहेत. ‘द वॉल’ (१९७९) ही तर एका व्यक्तिरेखेची सलग कथाच आहे. अशा बँडची ‘निवडक’ गीते काढणे म्हणजे कादंबरीतील निवडक परिच्छेद छापण्यासारखे होते.

६.४.२ आक्षेप

‘एकोज’विषयीच्या चर्चेतील आक्षेप तीन मुद्द्यांत मांडता येतात.

पहिला मुद्दा संदर्भनाशाचा. ‘द डार्क साइड ऑफ द मून’मधील चार गीते या संकलनात आहेत, पण दोन तबकड्यांवर विखुरलेली. मूळ अल्बममध्ये काळाविषयीचे गीत संपता संपता मृत्यूविषयीची शब्दरहित गायकी सुरू होते. काळ सरतो आणि मरण येते, हा त्या क्रमाचाच अर्थ आहे. संकलनात मृत्यूचे गीत पहिल्या तबकडीवर आणि काळाचे गीत दुसऱ्या तबकडीवर आहे. दोन्ही गीते शाबूत आहेत, पण त्यांच्यामधला अर्थ नाहीसा झाला आहे. हृदयाचे ठोके ज्या पहिल्या आणि शेवटच्या तुकड्यांत होते, ते तुकडे निवडीत नाहीत.

दुसरा मुद्दा कापणीचा. ज्या रचनेवरून संकलनाला नाव मिळाले, ती १९७१ मधील मूळ रचना तेवीस मिनिटांहून अधिक लांबीची असून तिने तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापली होती. संकलनात तिच्यातील सुमारे सात मिनिटे कमी केली आहेत.

तिसरा मुद्दा रिकाम्या जागांचा. १९६९ ते १९७२ या प्रयोगशील काळातील काही अल्बमांचे एकही गीत संकलनात नाही. ज्या श्रोत्याची ओळख या संकलनापासून सुरू होईल, त्याला बँडच्या चाचपडण्याचा काळ कळणारच नाही.

६.४.३ समर्थन

याच्या उलट बाजूही तितक्याच विचारपूर्वक मांडता येते. ‘एकोज’मध्ये गीते कालक्रमाने लावलेली नाहीत. ध्वनिमुद्रणतज्ज्ञ जेम्स गथ्री यांनी ती एकमेकांत मिसळत जातील अशा रीतीने जोडली आहेत. बँडने आपल्या अल्बमांत वापरलेली सलगतेची पद्धतच येथे संकलनाला लावली गेली.

क्रमाकडे नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. संकलनाचे पहिले गीत हे १९६७ च्या पहिल्या अल्बमचे पहिले गीत आहे. संकलनाचे शेवटचे गीत हे त्याच अल्बमचे शेवटचे गीत आहे. दोन्ही बॅरेट यांची आहेत. सव्वीसपैकी पाच गीते त्यांची आहेत. जो माणूस बँडमध्ये अवघी दोन-तीन वर्षे होता, त्याला संकलनाच्या दोन्ही दारांशी उभे केले आहे. मधल्या गीतांत त्याच्या अनुपस्थितीविषयीची १९७५ मधील प्रदीर्घ रचनाही येते. आता ही निवड केवळ खपाची राहत नाही. तीस-पस्तीस वर्षांच्या कारकिर्दीकडे मागे वळून पाहताना कलावंतांनी केलेले ते एक विधान आहे. जुने वर्तुळ मोडले हे खरे. त्याच्या जागी एक नवे वर्तुळ आखले गेले, हेही खरे.

येथून आपल्याला समीक्षेचे पहिले सूत्र मिळते : संकलनाचा क्रम ही स्वतंत्र संहिता आहे. घटकगीते जुनी असली तरी त्यांच्या शेजारपणातून नवा अर्थ निर्माण होतो, आणि समीक्षकाने तो वाचला पाहिजे.

आपली प्रगती तपासा – २
(अ) ‘एकोज’वरील संदर्भनाशाचा आक्षेप एका उदाहरणाने स्पष्ट करा.
(आ) ‘एकोज’च्या पहिल्या व शेवटच्या गीतांच्या निवडीतून कोणते विधान सूचित होते?

६.५ दुसरे उदाहरण : ‘गीतरामायणा’ची निवडक गीते

६.५.१ मूळ कृतीचे स्वरूप

पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. तेथील कार्यक्रम अधिकारी सीताकांत लाड यांच्या कल्पनेतून संगीतमय रामकथेची मालिका आकाराला आली. गीते ग. दि. माडगूळकरांची आणि संगीत सुधीर फडके यांचे. दोघांचाही जन्म १९१९ चा, म्हणजे त्या वेळी दोघेही ऐन पस्तिशीत होते. १ एप्रिल १९५५ या रामनवमीच्या दिवशी, शुक्रवारी, पहिले गीत प्रसारित झाले. आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर बावन्न गीतांची योजना होती. त्या वर्षी अधिक मास आल्याने संख्या छप्पन्न झाली. १९ एप्रिल १९५६ रोजी मालिका पूर्ण झाली. पुढे १९५७ मध्ये केंद्र शासनाच्या प्रकाशन विभागाने संहिता पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

या कृतीची तीन रचनातत्त्वे ध्यानात घ्यावीत.

(१) चौकट : पहिल्या गीतात कुश आणि लव हे रामासमोर रामायण गात आहेत. स्वतः राम श्रोता आहे. छप्पन्नाव्या गीतात वाल्मीकी त्या दोन बालकांना गाण्याची आज्ञा देतात. घटनाक्रमाने पाहिले तर शेवटचे गीत पहिल्या गीताच्या आधी घडते. मालिका जिथे संपते, तिथूनच ती सुरू होते.

(२) बहुवक्तृत्व : मधली गीते वेगवेगळ्या पात्रांच्या मुखी आहेत. राम, सीता, दशरथ, कौसल्या, भरत, शूर्पणखा, हनुमान, अयोध्येतील स्त्रिया असे अनेक वक्ते येथे प्रथमपुरुषी बोलतात. मूळ प्रसारणात त्यांसाठी वेगवेगळे आवाजही होते. फडके यांच्यासह माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक आदी गायकांनी ती गायिली.

(३) काळाचे अंतर : दोन गीतांच्या मध्ये एक आठवडा जात असे. श्रोता प्रतीक्षेत असे आणि पुढच्या गीताची कथा त्याला आधीच ठाऊक असे. ‘पुढे काय?’ यापेक्षा ‘ते कसे सांगतील?’ ही त्याची उत्सुकता होती.

६.५.२ निवडीची प्रक्रिया

मालिका संपल्यावर ‘गीतरामायण’ रंगमंचावर आले. फडके यांनी एकट्याने ती गीते महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर असंख्य वेळा सादर केली. आज सर्वत्र ऐकले जाणारे संपूर्ण ध्वनिमुद्रणही त्यांच्या एकट्याच्या आवाजातले आहे. रौप्यमहोत्सवानिमित्त १९७९ मध्ये पुण्यात ओळीने काही दिवस गायन झाले, तेव्हा माडगूळकर हयात नव्हते. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले होते. एका बैठकीत छप्पन्न गीते गाणे शक्य नसते. म्हणून प्रत्येक मैफल ही अपरिहार्यपणे निवड ठरली. फडके यांच्या निधनानंतरही (२००२) श्रीधर फडके आणि इतर गायक ही परंपरा चालवीत आहेत. ध्वनिमुद्रिका, कॅसेट आणि सीडी यांच्या निमित्तानेही निवडी झाल्या. एका संपादकाने एकदा केलेली ही निवड नाही. गायक, आयोजक, श्रोत्यांच्या फर्माइशी आणि घड्याळ अशा सर्वांनी मिळून ती अर्धशतकभर केली आहे.

६.५.३ सुट्या गीताचे अर्थांतर

भाषाविज्ञानात उक्तीचा अर्थ ठरवताना केवळ शब्द पाहत नाहीत. कोण बोलतो, कोणाशी बोलतो, कोणत्या प्रसंगी बोलतो आणि त्या बोलण्याने काय साधतो, हेही पाहतात. ही कसोटी दोन गीतांना लावून पाहू.

पहिले गीत चित्रकूटावरील रामाचे. वडिलांच्या मृत्यूची वार्ता घेऊन भरत आला आहे आणि रामाने परत यावे असा त्याचा हट्ट आहे. राम त्याला मानवी पराधीनतेविषयी सांगतो. मूळ प्रसंगात या उक्तीची दोन कार्ये आहेत. एक सांत्वनाचे आणि दुसरे नकाराचे. ‘दुःख करू नकोस’ याच्या पाठोपाठ ‘मी येणार नाही, तू परत जा’ हेही तो सांगत आहे. तत्त्वचिंतन हा त्या नकाराचा आधार आहे. हेच गीत सुटे होऊन श्रद्धांजलीच्या सभेत गायिले जाते, तेव्हा श्रोता भरत राहत नाही. तो कोणीही शोकग्रस्त माणूस असतो. नकाराचे कार्य गळून पडते आणि सांत्वन तेवढे उरते. गीत अधिक व्यापक होते, पण त्यातला राम कमी होतो. स्वतः पितृशोकात असताना धाकट्या भावाला परत पाठवणाऱ्या माणसाचा ताण त्यात राहत नाही.

दुसरे गीत मालिकेच्या अखेरच्या टप्प्यातील आहे. गर्भवती सीतेला वनात सोडण्यासाठी लक्ष्मण आला आहे आणि आता आपण कुठे जावे, असे ती त्याला विचारते. उक्तीचा प्रत्यक्ष श्रोता लक्ष्मण आहे. तिचा खरा रोख रामाकडे आहे आणि राम तेथे नाही. आता चौकट आठवा. हे सारे रामायण कुश आणि लव गात आहेत आणि समोर राम ऐकत बसला आहे. म्हणजे वनात जो प्रश्न रामापर्यंत पोहोचला नाही, तो त्याच्याच मुलांच्या तोंडून अखेर त्याच्या कानी पडतो. चौकटीमुळे अनुपस्थित श्रोता उपस्थित होतो. संपूर्ण ‘गीतरामायणा’तील सर्वांत तीव्र नाट्य येथे आहे, आणि ते कोणत्याही एका गीताच्या शब्दांत नाही. ते पहिल्या आणि पंचावन्नाव्या गीतांच्या नात्यात आहे.

जी निवड राज्याभिषेकाच्या जयजयकारावर थांबते, तिच्यात हे नाते संभवतच नाही. तेथे कथा सुखान्त होते. सीता अग्निदिव्यातून बाहेर पडते, सिंहासनावर बसते आणि पडदा पडतो. मंगल प्रसंगी, रामनवमीच्या उत्सवात असा शेवट आयोजकांना सोयीचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु माडगूळकरांनी कथा तिथे थांबवली नव्हती, हे समीक्षकाने नोंदवले पाहिजे. सीतेचा प्रश्न वगळला की केवळ एक गीत कमी होत नाही, संपूर्ण कृतीची नैतिक बाजू बदलते. ज्या समाजात रामकथा पुस्तकापेक्षा गाण्यांतून अधिक पोहोचते, तेथे ही वगळणूक लहान नाही.

६.५.४ एकच आवाज : हानी की परंपरा?

अनेक गायकांच्या जागी एकच गायक आल्याने बहुवक्तृत्व क्षीण झाले, असा आक्षेप घेता येतो. सीतेचा आक्रोश आणि शूर्पणखेचा संताप पुरुषाच्या आवाजात ऐकू येतो. आक्षेप वरवर पटणारा आहे, पण तो आपल्या परंपरेच्या कसोटीवर तपासला पाहिजे. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात कीर्तनकार आख्यान लावतो, तेव्हा एकटाच राजा होतो, राणी होतो, सेवक होतो. श्रोत्यांना त्यात विसंगती वाटत नाही. आवाजाची ओळख आणि पात्राची ओळख वेगळी ठेवण्याची सवय आपल्या कानांना शतकानुशतके आहे. शिवाय मूळ चौकटीतही सर्व पात्रांची गीते कुश आणि लव हेच गात आहेत. म्हणून एका गायकाने सर्व गीते गाणे हे आकाशवाणीवरील प्रसारणापासून दूर जाणारे असले, तरी चौकटीच्या तर्काशी जुळणारे आहे.

या उदाहरणातून दुसरे सूत्र मिळते : मूळ रूपापासून झालेला प्रत्येक बदल म्हणजे हानी नव्हे. बदल कृतीच्या आंतरिक तर्काशी जुळतो की त्याला छेद देतो, हे पाहून निर्णय द्यावा.

६.५.५ निवडीचे समर्थन

निवडीला सरसकट विरोध करणेही योग्य नाही. वाल्मीकी रामायणाची श्लोकसंख्या परंपरेने चोवीस हजार सांगितली जाते. माडगूळकरांनी ती कथा छप्पन्न गीतांत आणली. म्हणजे ‘गीतरामायण’ ही स्वतःच एक निवड आहे. कोणत्या प्रसंगावर गीत लिहायचे, कोणता प्रसंग दोन गीतांच्या मधल्या निवेदनावर सोपवायचा, हे त्यांनीही ठरवले. ज्या कवीने निवडले, त्याच्या रचनेतून पुढच्यांनी निवडले, एवढ्यावरून दोष देता येत नाही.

दुसरे असे की सुटे गीत तगून राहते म्हणूनच मूळ कृती स्मरणात राहते. हिंदी, गुजराती, कन्नड, कोंकणी, संस्कृत अशा अनेक भाषांत ‘गीतरामायण’ गेले, त्यामागे चालींची आणि सुट्या गीतांची लोकप्रियता आहे. एखादे गीत ऐकून श्रोता संपूर्ण मालिकेकडे वळतो, तेव्हा संकलन दाराचे काम करते. मात्र दार हेच घर आहे असा समज होऊ देऊ नये.

आपली प्रगती तपासा – ३
(अ) चित्रकूटावरील गीत सुटे झाल्यावर त्याचे कोणते कार्य लोप पावते?
(आ) सीतात्यागाच्या गीताचा अर्थ चौकटीमुळे कसा पालटतो?
(इ) एकाच आवाजातील गायनाचे समर्थन कोणत्या दोन आधारांवर करता येते?

६.६ तुलनात्मक निष्कर्ष

दोन्ही उदाहरणांतील मूळ कृती वर्तुळाकार आहेत. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होऊन ठोक्यांनीच संपते. ‘गीतरामायण’ कुश-लवांच्या गायनाने सुरू होऊन त्याच गायनाच्या आज्ञेने संपते. दोन्हींच्या संकलनात हे वर्तुळ तुटते.

फरक निवडकर्त्यात आहे. ‘एकोज’ची निवड जाणीवपूर्वक आणि एका हेतूने झाली. म्हणून तिच्यात नवे वर्तुळ आखता आले आणि तिचा जाबही विचारता येतो. ‘गीतरामायणा’च्या निवडीला एक कर्ता नाही. ती व्यवहारातून घडली आहे. अशा निवडीचे परीक्षण कोणी लिहीत नाही, कारण समोर ठेवायला एक पुस्तक किंवा एक तबकडी नसते. प्रभाव मात्र तिचाच अधिक असतो. जी निवड निवड म्हणून ओळखू येत नाही, तिच्याकडे समीक्षकाने अधिक बारकाईने पाहिले पाहिजे.

हान्स रॉबर्ट याउस या जर्मन अभ्यासकाने १९६७ मध्ये ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना मांडली. वाचक कृतीकडे जाताना आधीच्या परिचयातून घडलेल्या अपेक्षा घेऊन जातो. संकलने हे क्षितिज घडवतात. ज्याने जन्माची, विवाहाची आणि जयजयकाराची गीतेच ऐकली आहेत, त्याला पंचावन्नावे गीत प्रथम ऐकताना धक्का बसतो. १९५६ मधील श्रोत्याला ते गीत क्रमाने आलेले शेवटचे वळण होते. कृती तीच, पण स्वीकार वेगळा.

६.७ परीक्षणलेखनासाठी प्रश्नावली

गीतसंकलनाचे परीक्षण लिहिताना पुढील प्रश्न क्रमाने विचारावेत.

(१) निवड कोणी केली आणि कारकिर्दीच्या कोणत्या टप्प्यावर केली?
(२) निवडीचे तत्त्व कोणते : लोकप्रियता, कालक्रम, विषय की कलावंताची स्वतःची पसंती? ते स्पष्ट सांगितले आहे का?
(३) काय वगळले आहे? वगळल्यामुळे कलावंताचे चित्र कोणत्या दिशेला झुकते?
(४) मूळ क्रमातून सुट्या झालेल्या गीताचा वक्ता, श्रोता आणि प्रसंग बदलला का?
(५) नव्या क्रमातून कोणता नवा अर्थ निर्माण झाला?
(६) गीताच्या श्रेयात कवीचे नाव आहे का? गायकाचे नाव ठळक आणि कवीचे नाव नाहीच, असे आपल्याकडील अनेक संकलनांत दिसते. मराठीच्या अभ्यासकाने हा प्रश्न कधीही सोडू नये.

६.८ सारांश

संकलन ही केवळ जुन्याची पुनरावृत्ती नसते. वगळणे, कापणे आणि क्रम लावणे या तीन क्रियांतून ते नवी संहिता निर्माण करते. पिंक फ्लॉइडच्या ‘एकोज’मध्ये जुने अर्थसंबंध तुटले, पण आरंभ आणि अंत यांच्या निवडीतून नवे विधान उभे राहिले. ‘गीतरामायणा’च्या बाबतीत व्यवहारातून घडलेल्या निवडीने काही गीतांना व्यापक आयुष्य दिले आणि त्याच वेळी चौकट, बहुवक्तृत्व आणि सीतेचा अखेरचा प्रश्न यांना दूर सारले. समीक्षकाने निवडीला विरोध करू नये आणि तिला शरणही जाऊ नये. निवडीचे तत्त्व शोधावे आणि तिची किंमत सांगावी. आपल्या अभ्यासक्रमातील वेचेही याच कसोटीवर वाचावेत. प्रस्तुत पुस्तिकाही त्याला अपवाद नाही.

६.९ पारिभाषिक शब्द

चौकट : मुख्य कथन ज्याच्या आत सांगितले जाते ते बाहेरचे कथन.
बहुवक्तृत्व : एका कृतीत अनेक पात्रांनी प्रथमपुरुषी बोलणे.
उक्तीचे कार्य : बोलण्याने साधली जाणारी कृती. उदा. सांत्वन, नकार, आज्ञा.
अपेक्षांचे क्षितिज : पूर्वपरिचयातून घडलेली वाचकाची किंवा श्रोत्याची अपेक्षाव्यवस्था.

६.१० ‘आपली प्रगती तपासा’ची उत्तरे

१. (अ) निवडताना नको ते काढून बाकी ठेवतात. वेचताना हवे ते उचलून बाकी तिथेच सोडतात. (आ) पहिले पुढील निर्मितीसाठी जागा ठेवते, दुसरे कारकिर्दीचा निष्कर्ष काढते.
२. (अ) काळाचे आणि मृत्यूचे गीत मूळ अल्बममध्ये लागोपाठ येतात. संकलनात ती वेगळ्या तबकड्यांवर आहेत. (आ) बँडचा आरंभीचा गीतकार बॅरेट यांचे स्थान आरंभी आणि अंती मान्य केले आहे.
३. (अ) नकाराचे कार्य. (आ) अनुपस्थित राम चौकटीत श्रोता म्हणून उपस्थित असतो, त्यामुळे सीतेचा प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचतो. (इ) कीर्तनातील एकपात्री आख्यानाची परंपरा आणि सर्व गीते कुश-लव गातात ही मूळ चौकट.

६.११ सरावासाठी प्रश्न

१. ‘संकलनाचा क्रम ही स्वतंत्र संहिता असते’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. ‘गीतरामायणा’तील चौकटीचे महत्त्व स्पष्ट करा.
३. टीपा लिहा : (अ) ‘नवनीत’मधील ‘वेचे’ ही संज्ञा (आ) उत्तरकालीन संकलन (इ) सुट्या गीताचे अर्थांतर.

६.१२ उपक्रम

आपल्या गावात किंवा परिसरात होणाऱ्या ‘गीतरामायणा’च्या एखाद्या कार्यक्रमाला उपस्थित राहा. गायिलेल्या गीतांची क्रमवार यादी करा. प्रत्येक गीतापुढे वक्ता, श्रोता आणि प्रसंग लिहा. कार्यक्रम कोणत्या गीतावर संपला आणि त्यामुळे कथेचा शेवट कोणता ठरला, याविषयी दीडशे शब्दांत टिपण लिहून संपर्कसत्रात चर्चेसाठी आणा.